इंडोलंटची पाठवणी

इंग्रज गेले, आणि वर्ष सरायच्या आत आमच्याकडे इंग्रजी आली.

राजांचं राज्य होतं तेव्हा जव्हारच्या दरबारातून आम्हाला हाकलत, पण मराठीत हाकलत. का हाकललं ते कळायचं. मग संस्थान विलीन झालं, आम्ही स्वतंत्र झालो, आणि कागद इंग्रजीत यायला लागले. मोखाड्यात एक कचेरी आहे. तिचं नाव सांगत नाही, कारण मला तिथे अजून जायचंय. त्या कचेरीत एक टेबल आहे. टेबलाच्या अलीकडे साखरशेतचे, जामसरचे, पोशेऱ्याचे लोक अर्ज घेऊन उकिडवे बसतात. पलीकडे कारकून बसतो आणि "साहेब नाहीत" म्हणतो. साहेब आत असले तरी म्हणतो. आमच्या पुंजाकाकाने एकदा खिडकीतून साहेब दाखवले, तर म्हणाला, "ते आहेत, पण नाहीत."

माझं म्हणणं एवढंच होतं, की "साहेब नाहीत" हे म्हणायला तिथे आमच्यातला कोणीतरी हवा. निदान खरंच नसतील तेव्हाच म्हणेल.

संधी चालून आली. खालून, सपाटीवरून पाठवलेले कारकून टिकत नव्हते. एक जळवांना घाबरून गेला, दुसरा नाचणीच्या भाकरीला. शेवटी हुकूम निघाला, की उमेदवार इथलाच घ्यावा, मात्र त्याला उच्च प्रतीचे इंग्रजी शब्द आले पाहिजेत. साहेबांनी त्यासाठी स्वतः पुस्तक रचलं. एकेका पानावर एकेक अवघड शब्द, त्याचा अर्थ, खाली तीन समानार्थी शब्द आणि सगळ्यांत खाली एक वाक्य. परीक्षा तोंडी. वाक्य पुस्तकातलंच म्हणायचं, स्वतःचं जोडायचं नाही. प्रस्तावनेत साहेबांनी लिहिलं होतं, की स्वतःची वाक्यं जोडणारा कारकून कचेरीला घातक असतो.

उमेदवार मी एकटा. लाडक्या, साखरशेतच्या कोंडीचा मुलगा, जव्हारला राहून सातवी झालेला. तिथल्या मास्तरांनी मला पुस्तक मिळवून दिलं, उच्चार शिकवले आणि म्हणाले, "एवढं गिळलंस की खुर्ची तुझी."

पण शब्द गिळले जात नव्हते. पाठ केलेला शब्द नांगरामागे गेलं की सरीत पडायचा आणि मागून येणारा बगळा तो उचलायचा. म्हणून मी युक्ती केली. एकेक शब्द एकेका घरी ठेवून द्यायला लागलो. गार्युलस म्हणजे अखंड बडबड करणारा. तो गोदीकाकूकडे ठेवला. व्होरेशस म्हणजे खादाड. तो जिव्याकडे. मग घर दिसलं की शब्द आठवायचा. जिव्या तर लांबून नुसता जेवताना दिसला तरी आठवायचा, म्हणजे दिवसभर.

हे रामीआत्याच्या कानावर गेलं. रामीआत्या आमची धवलेरी. आमच्याकडे लग्न भटजी लावत नाही, धवलेरी लावते, गाणी म्हणत. तिला विचारल्याशिवाय पाड्यात कुणाच्या घरी नवं माणूस येत नाही. तिने मला खळ्यावर गाठलं.

"लाडक्या, लोकांच्या घरात कोण घुसवतूस रं?"

"शब्द, आत्या."

"बाई का बाप्या?"

मी व्याकरण आठवलं. "पुल्लिंगी."

"मंग घरजावई," ती म्हणाली. "घरजावई असा न विचारता ठेवत्यात?"

तिचं बरोबर होतं. लग्नाचा खर्च ज्याला झेपत नाही, तो मुलगा आमच्याकडे सासऱ्याच्या घरी राहतो आणि त्याच्या शेतात राबतो. त्याला घेण्याआधी बैठक बसते आणि तीन गोष्टी विचारतात. स्वभाव कसा? भाऊबंद कोण? आणि आजवर कुठं राबलाय? मी पुस्तक उघडून पाहिलं. अर्थ, समानार्थी, वाक्य. साहेबांनी पुस्तक रचताना रामीआत्याला विचारलं नव्हतं, पण विचारल्यासारखं रचलं होतं.

तेव्हापासून रोज दिवस मावळायच्या आधी खळ्यावर बैठक बसू लागली. मी शब्द उभा करायचा, लोकांनी चौकशी करायची. पटला तर घर मिळायचं. भाऊभाऊ एकाच घरी जावई द्यायचे नाहीत, भांडतात, म्हणून समानार्थी शब्द वेगवेगळ्या घरी गेले. त्यामुळे माझी त्यांच्यात कधी गल्लत झाली नाही. काही शब्द परत आले. मेलन्कली म्हणजे सदा खिन्न असणारा. तो तुकाच्या घरी देऊ केला, तर त्याची बायको चैती म्हणाली, "एक हाय घरात," आणि तुकाकडे बोट दाखवलं. तुका खिन्न होऊन बसला होता. नाही म्हणता येईना.

भात झोडणीच्या दिवसांत मी इंडोलंटच्या पानावर आलो.

खळ्यावर लोक नुकते टेकले होते. केसांत पेंढा, हातांना कुसं टोचलेली. शेजारची सुकी हातात मुसळ घेऊनच आली होती, कारण तिचं कांडण राहिलं होतं.

"स्वभाव?" रामीआत्याने विचारलं.

"आळशी. काम टाळणारा."

खळं हसलं. "आळशी घरजावई!" जिव्या म्हणाला. "त्याला सासऱ्यानं का पाळण्यात घालायचा?"

"भाऊबंद?"

"लेझी, स्लगिश, स्लॉथफुल."

"घराणंच तसलं दिसतंय," पुंजाकाका म्हणाला, आणि सगळ्यांनी फागूकडे पाहिलं. फागू हा आमच्या पाड्याचा आळशी. एकदा नांगरता नांगरता तो बांधावर झोपला, तर बैल नांगर घेऊन घरी गेले होते.

फागूने लाजून मान हलवली. "द्या माझ्याकडं. दोघं मिळून झोपू."

"थांब," रामीआत्या म्हणाली. "कुठं राबलाय ते कळू दे."

मी वाक्य वाचलं. "द हिल पीपल आर इंडोलंट."

"म्हंजी?"

"म्हणजे, डोंगरातले लोक आळशी असतात."

सुकीने मुसळ एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं. हसू कुठे गेलं कळलं नाही, एवढ्या शिस्तीत गेलं.

पहिला बोलला फागू. "मी झोपतो, खरं हाय. मला एकट्याला म्हणा, मी घेतो. पर हा समद्या डोंगराला जावई व्हाया मागतोय. माझी आई हाय त्या डोंगरात. ती कवा झोपली ते मी अजून बघितलं नाय."

"तुला कसं दिसंल?" गोदीकाकू म्हणाली. "तू झोपलेला."

"त्येच तर सांगतोय."

रामीआत्याने पेंढ्याची एक काडी मोडली. मग निकाल दिला. "हा कोणाच्या घरी जायाचा नाय. माघारी धाडा. पर जावई माघारी धाडायचा तर वाटंत सोडायचा नाय. त्याच्या घरापातूर पोचवायचा आन् आईबापाच्या पुढ्यात सांगायचं, की हा तुमचा, सांभाळा. ह्याचा बाप कोण?"

"साहेब," मी म्हणालो. "पुस्तक त्यांनीच रचलंय."

"मंग साहेबाला सांग."

"आत्या, परीक्षा तेच घेणार. वाक्य म्हटलं नाही तर खुर्ची जाईल."

"खुर्ची माघारी येती," ती म्हणाली. "तोंडातनं गेल्यालं येत नाय."

मी जव्हारला जाऊन मास्तरांना विचारलं. मास्तर कपाळाला हात लावून म्हणाले, "अरे, वाक्य आहे ते, शपथ नाही. डोळे मीट, म्हण, आणि खुर्चीत बस."

"आणि बसल्यावर?"

"बसल्यावर काय? बसून राहायचं."

"म्हणजे वाक्य खरंच होईल, मास्तर."

मास्तरांनी मला बाहेर काढलं. मराठीतच काढलं, त्यामुळे वाईट वाटलं नाही.

घरी आईला विचारलं. ती नाचणी पाखडत होती. "तू त्या टेबलाच्या पल्याड बसावंस हे माझ्याइतकं कोणाला वाटत नसंल," ती म्हणाली. "पर पल्याड जायाला तू मला आळशी म्हणालास, तर अल्याड पहिली मी उभी असंन. मुसळ घेऊन."

एवढं झाल्यावर माणसाला काय करावं ते कळलं पाहिजे. मला कळलं नाही. परीक्षेच्या दिवसापर्यंत मी ते वाक्य एक दिवस म्हणणार होतो आणि एक दिवस नव्हतो.

परीक्षा होळीच्या आधी, मोखाड्याच्या कचेरीत. मी धुतलेला सदरा घालून निघणार, तेवढ्यात कचेरीचा शिपाई धापा टाकत पाड्यात आला. कचेरीकडे निघालेल्या साहेबांची मोटार चढणीवर बसली होती. साहेबांना उचलून न्यायला चार माणसं हवी होती. कचेरीच्या खुर्चीला दोन बांबू बांधून डोली तयार होती.

राजांच्या वेळी याला वेठ म्हणत. आता वेठ बंद झाली होती, म्हणून शिपाई म्हणाला, "विनंती आहे." आवाज तोच होता.

"राज्य गेलं," पुंजाकाका म्हणाला, "खुर्ची काय खाली उतरना."

नाहीच म्हणणार होते सगळे. पण साहेब पोचले नाहीत तर माझी परीक्षा कोण घेणार? म्हणून पुंजाकाका, जिव्या, तुका आणि फागू उठले. रामीआत्याही निघाली.

"तू कशाला, आत्या?"

"जावई पोचवायचाय ना? बाप डोलीत बसलाय. बरं झालं."

साहेब लठ्ठ नव्हते, पण पदाने जड होते. चार खांदे लागले, डोली उठली. मी शेजारून चालत होतो, मागून छत्री धरून शिपाई, त्याच्यामागे रामीआत्या. थोडं अंतर गेल्यावर साहेबांनी मांडीवर पुस्तक उघडलं.

"वेळ फुकट घालवणं मला आवडत नाही. इथेच सुरू करू. गार्युलस."

मी अर्थ सांगितला, समानार्थी सांगितले, वाक्य म्हटलं.

"व्हेरी गुड."

"गोदीकाकूचा जावई," खालून फागू पुटपुटला.

"काय म्हणाला तो?"

"तयारी चांगली आहे म्हणतो, साहेब."

"व्होरेशस."

तेही आलं. जिव्याने नुसता नमस्कार केल्यासारखी मान हलवली, त्याबरोबर डोलीही हलली. साहेब शब्द टाकत होते आणि मी उचलत होतो. घरामागून घर डोळ्यांसमोर येत होतं, सगळा पाडा उत्तरं देत होता. चढण तीव्र झाली. पुंजाकाकाच्या मानेवरून घाम बांबूवर ठिबकत होता. साहेब खूश होऊन म्हणाले, "आता एक सोपा. इंडोलंट."

"आळशी, काम टाळणारा."

"समानार्थी?"

"लेझी, स्लगिश, स्लॉथफुल."

"वाक्य?"

मी पायाखालचे खडे मोजत चाललो.

"वाक्य, वाक्य! विसरलास?"

"नाही, साहेब. ते वाक्य आम्ही परत आणलंय."

"परत?"

"आमच्या पाड्यात त्याला घर मिळालं नाही. तुमचं आहे, तुम्ही सांभाळा."

साहेबांनी चष्मा काढला, पुसला, घातला. मी तिथेच होतो. "हे बघ, पुस्तकात आहे ते म्हण. नाहीतर नापास. सोपं आहे."

"साहेब काय म्हणत्यात रं?" पुंजाकाकाने बांबूखालून विचारलं. मी सांगितलं. डोंगरातले लोक आळशी आहेत असं म्हटलं की नोकरी, नाहीतर नाही.

पुंजाकाका थांबला. बाकीचे तिघेही थांबले. मग त्यांनी डोली अगदी सावकाश, अंड्यांची पाटी ठेवावी तशी, वाटेतल्या कातळावर ठेवली. तुका बसला. जिव्या बसला. फागू आडवा झाला, आणि त्याचा डोळा लागलाच म्हणायचं.

"हे काय?" साहेब म्हणाले.

"आमी आळशी झालो," पुंजाकाका म्हणाला आणि माझ्याकडे वळला. "लाडक्या, आता म्हण. आता खोटं नाय. बघ, समदे बसलेत. म्हण आन् खुर्ची घे. मंग आमी उठू."

मला हे सुचलंच नव्हतं. मी खरं बोलावं म्हणून ही माणसं भर उन्हात कातळावर आळशी व्हायला तयार झाली होती. वाक्य माझ्या जिभेवर आलं. टेबल दिसलं. टेबलाच्या पलीकडे मी दिसलो. अलीकडे आई दिसली, पण तिच्या हातात मुसळ नव्हतं, अर्ज होता.

तेवढ्यात माझं लक्ष फागूच्या पायाकडे गेलं. कातळ उतरता होता. डोली घसरू नये म्हणून फागूने आडवं होतानाच टाच खुर्चीच्या पायाला लावून ठेवली होती. डोळे मिटलेले, तोंड उघडं, घोरणं सुरू, आणि साहेबांचं सगळं वजन त्या टाचेवर.

"साहेब," मी म्हणालो, "माफ करा. आम्ही प्रयत्न केला. जमत नाही."

"काय जमत नाही?"

"आळशी होणं. हा फागू. आमच्याकडचा सगळ्यांत आळशी हाच. याच्यापेक्षा आळशी माणूस मोखाड्यापर्यंत मिळायचा नाही. त्याचा पाय बघा."

साहेबांनी वाकून पाहिलं. खुर्ची करकरली. फागूने न उठता टाच आणखी घट्ट रोवली आणि घोरणं चालू ठेवलं.

साहेब पुष्कळ वेळ त्या पायाकडे बघत होते. मला वाटलं, आता काहीतरी होईल. झालं. ते म्हणाले, "परीक्षेत पाय नाही. नापास." आणि पुस्तक मिटलं. "चला, उचला."

कोणी उचललं नाही.

"उचला म्हणतो ना!"

रामीआत्या पुढे आली. "साहेब, पोरगा नापास झाला?"

"झाला."

"म्हंजी परीक्षा संपली. आमी परीक्षेपायी उचललं हुतं."

साहेबांनी शिपायाकडे पाहिलं. शिपायाने छत्री नीट धरली. त्याला एवढंच काम येत होतं. साहेब म्हणाले, "मी इथेच बसून राहीन." मग बसून राहिले. आम्हीही बसलो. ऊन चढलं. जिव्याने फडक्यातली भाकरी काढली, साहेबांपुढे केली, त्यांनी मान फिरवली, जिव्याने तीही खाल्ली.

"साहेब डोंगरात बसलेत," रामीआत्या पुंजाकाकाला म्हणाली, मोठ्याने. "काम काय नाय. म्हंजी आता डोंगरातलेच झाले."

साहेब उतरले. बुटांनी खडे उडवत चालू लागले. छत्री मागून धावली.

आता डोली रिकामी होती. ती कचेरीत पोचवायला हवी होती, कारण खुर्ची सरकारी होती. फागू टाच चोळत उठला. चौघांनी डोली खांद्यावर घेतली. रामीआत्या म्हणाली, "हळू. जावई बसलाय." आणि तिने गाणं सुरू केलं, लग्नात पाठवणीला म्हणते ते. पुढे साहेब चालत, मागे खुर्चीत इंडोलंट बसलेला, त्याला घामाचा थेंब नाही. वाटेत पोशेऱ्याची माणसं भेटली. डोलीत कोण, असं त्यांनी विचारलं. तुका खिन्नपणे म्हणाला, "आळशी माणूस हाय. दिसत नाय, पर जड हाय."

कचेरीपुढे डोली ठेवली. लोक जमले. रामीआत्याने रिकाम्या खुर्चीला हात जोडले, मग साहेबांना. "साहेब, हा तुमचा. आमच्याकडं नाय नांदला. सांभाळा."

साहेबांचा चेहरा बुटांच्या धुळीपेक्षा लाल झाला होता. ते पायरीवर उभे राहून ओरडले, "ऑब्स्टिनेट! यू पीपल आर ऑब्स्टिनेट!"

सवयीने माझ्या तोंडून निघालं, "हट्टी, आपलं न सोडणारा. स्टबर्न, हेडस्ट्राँग, अनयील्डिंग." आणि वाक्यावर मी अडलो. पुस्तकात ऑब्स्टिनेटचं वाक्य गाढवाचं आहे. साहेबांनी म्हटलेलं त्यांनी तिथल्या तिथे स्वतः जोडलं होतं. म्हणजे त्यांच्याच नियमाने तेही नापास. हे मी त्यांना नम्रपणे सांगितलं. दार बंद झालं.

संध्याकाळी बैठक बसली. आईने विचारलं, "काय झालं?" मी म्हणालो, "नापास." तिने सूप खाली ठेवलं, माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "जेवलास का?" मग मी नवा शब्द उभा केला. ऑब्स्टिनेट. स्वभाव सांगितला, भाऊबंद सांगितले. कुठं राबलाय, असं रामीआत्याने विचारलं, तेव्हा म्हणालो, "आज, आपल्याच वाटेवर. साहेबांनी स्वतः बघितलाय."

"माझ्या घरी द्या," आई म्हणाली.

"तुझ्या का? टाच कोणाची सोलली?" फागू उठून बसला. पुंजाकाका म्हणाला, खांदा त्याचा होता. गोदीकाकूने सांगितलं, की तिच्याकडचा गार्युलस ती सोडायला तयार आहे, बदल्यात हा द्या. सुकीने मुसळ आपटलं. जावयावरून एवढं भांडण साखरशेतमध्ये कधी झालं नव्हतं. शेवटी रामीआत्याने कुणाचंच ऐकलं नाही. "हा कोणाच्या एका घरचा नाय," ती म्हणाली. "समद्या पाड्याचा जावई. ज्याला लागंल त्यानं न्यावा, काम झालं की खळ्यावर आणून ठेवावा."

मोखाड्याच्या त्या टेबलामागे सध्या शिपाई बसतो. त्याला वाचता येत नाही, पण "साहेब नाहीत" येतं. ते साहेब बदलून गेले, नवे आले, पुस्तक मात्र तेच राहिलं. मी यंदा पुन्हा अर्ज केलाय. इंडोलंटचं पान उघडून पाहिलं, वाक्य जागच्या जागी आहे, हललेलं नाही. साहजिकच आहे, त्याचा स्वभावच तसा.

परीक्षेची तारीख कळली की पाड्यात आधी सांगायचंय. पुंजाकाकाने नवे बांबू तोडून सावलीत वाळत घातलेत. फागू म्हणतो, आठवडाभर आधी कळव, झोप काढून ठेवतो.